फितीचा इतिहास : सैनिकाचे शरीर मोजताना नेमके काय मोजले गेले?

१/ यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तीन आकडे पाठ असतात. सर्वसाधारण उमेदवारासाठी उंची १६८ सेंटीमीटर. छाती ७७ सेंटीमीटर व फुगवून आणखी ५. आणि १६०० मीटर धावण्याचे पूर्ण गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटे. तिसरा आकडा मेहनतीने गाठता येतो, दुसराही काही अंशी. पहिला गाठता येत नाही. तरीही दारावर उभा असतो तो पहिलाच. हा धागा त्या दाराच्या इतिहासाचा आहे, आणि त्या दाराविरुद्धही आहे.

२/ प्रतिपादन सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. उंची, छाती आणि वजन ही मापे सैनिकाची क्षमता सांगतात म्हणून निवडली गेली नाहीत. रांगेत उभ्या असलेल्या हजार माणसांवर ती झटपट घेता येतात म्हणून ती निवडली गेली. पुढे ती इतकी रुळली की सोय हाच निकष झाला, आणि निकषावरून माणसांच्या जातींविषयी व प्रदेशांविषयी सिद्धान्त रचले गेले. त्या सिद्धान्तांची किंमत महाराष्ट्राने पुरेपूर मोजली आहे.

३/ आधी मूळ मुद्दा. शरीराचे वजन म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज : चरबी, आणि चरबी सोडून उरलेले सर्व काही, म्हणजे स्नायू, हाडे, रक्त, अवयव. समजा, दोन जवान प्रत्येकी ७० किलोचे आहेत. एकाच्या शरीरात १२ टक्के चरबी आहे, दुसऱ्याच्या २६ टक्के. पहिल्याकडे कामाचे वजन ६१.६ किलो, दुसऱ्याकडे ५१.८. वजनकाट्यावर दोघे समान. चढावर मात्र दुसरा जवळजवळ दहा किलोचे जादा ओझे वाहतो आहे, आणि ते वाहायला त्याच्याकडे स्नायूही कमी आहेत. काटा हा फरक सांगत नाही. उंचीची पट्टी तर मुळीच सांगत नाही.

४/ मग या मापांना इतकी प्रतिष्ठा आली कोठून? बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याच्यापासून सुरुवात करावी लागते. १८१७ साली एका एडिंबरा वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे छापून आली होती. केटलेने त्यांतील ५,७३८ मापे घेतली, ती एका घंटाकृती वक्रात बसवली आणि १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. ‘सरासरी माणूस’ ही कल्पना त्याचीच. सैनिकाची छाती आधुनिक संख्याशास्त्रात शिरली ती अशी.

५/ पण याच केटलेने दुसरी एक गोष्ट उघड केली, जी भरतीच्या मैदानावर आजही टांगून ठेवण्याजोगी आहे. फ्रेंच सक्तीच्या भरतीतील उंच्या तपासताना त्याला दिसले की किमान उंचीच्या, म्हणजे १५७ सेंटीमीटरच्या, किंचित खाली माणसांची अनैसर्गिक गर्दी झाली आहे. हिशेब करून १८४४ मध्ये त्याने दाखवले की सुमारे दोन हजार तरुण सैन्य चुकवण्यासाठी ‘बुटके’ झाले होते. राज्यसंस्थेची फीत आणि माणसाची गरज यांची झटापट इतकी जुनी आहे. तेथे लोक आत न जाण्यासाठी वाकत होते. मारेगावात आत जाण्यासाठी ताठ होतात.

६/ वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्रही केटलेचेच, १८३० च्या दशकातले. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’, म्हणजे आजचा बीएमआय, हे नाव अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. दोघांचाही रोख समूहाच्या अभ्यासावर होता. एका माणसाला दारातून परत पाठवण्यासाठी हे सूत्र रचलेलेच नव्हते. साधन एका कामासाठी घडले आणि वापरले गेले दुसऱ्याच कामासाठी.

७/ आता वऱ्हाड. आजचा मारेगाव तालुका ज्या मुलखात येतो, तो १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे सोपवला गेला. कारण काय? ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च भागवणे. म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापूस व जोंधळा यांवरचा सारा सैनिकांच्या पगारासाठी गहाण पडला होता. सैन्याचा खर्च उचलण्यास ही भूमी पात्र ठरली; येथील माणसे सैनिक म्हणून पात्र आहेत का, हा प्रश्न पुढे दुसऱ्यांनीच सोडवला.

८/ तो कसा सोडवला, हे महार सैनिकांच्या इतिहासात स्वच्छ दिसते. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या मुंबई पलटणीत महार सैनिक होते. तेथील स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत. पुढील सत्तर-पंचाहत्तर वर्षे ही भरती सुरू राहिली. १८९२-९३ च्या सुमारास ती बंद झाली. या काळात या माणसांची उंची घटली नव्हती, छाती आकसली नव्हती. बदलले होते ते कचेरीतील वर्गीकरण.

९/ हे वर्गीकरण म्हणजे ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धान्त. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स याचा पुरस्कर्ता होता. उत्तरेकडील उंच, धिप्पाड माणूस तेवढा खरा सैनिक, दक्षिणेकडील व पश्चिमेकडील माणूस दुय्यम, अशी ही मांडणी. त्याच सुमारास हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता. पूर्वग्रह आधी ठरला होता; फितीने त्याला दशांश चिन्हासकट आकडे पुरवले.

१०/ अन्याय झालेल्यांनी तो निमूटपणे सोसला नाही. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. पूर्वजांनी बजावलेली सेवा हा या मागणीचा आधार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर, माप बाजूला ठेवा आणि कामगिरी पाहा, असेच ते म्हणत होते.

११/ कामगिरी पाहिली गेली, पण गरज पडली तेव्हाच. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, आणि १९२१ मध्ये ती संपुष्टात आली. दुसरे महायुद्ध आले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. चोवीस वर्षांत एकाच समाजाची शरीरे लायक, नालायक आणि पुन्हा लायक ठरली. शरीरशास्त्रात असे घडत नाही. असे राजकारणात घडते.

१२/ याच काळात खुद्द इंग्लंडात काय चालले होते? बोअर युद्धासाठी १८९९ मध्ये मँचेस्टरमध्ये ११,००० तरुण पुढे आले आणि त्यांतील ८,००० नापास झाले, हा आकडा तेव्हा फार गाजला. कारखान्यांच्या वस्त्यांतून आलेली ही मुले खुजी, कृश, दात किडलेली होती. जगावर राज्य करणाऱ्या ‘वंशा’ची ही छाती पाहून लंडन हादरले. चौकशीसाठी शासकीय समिती बसली आणि १९०४ मध्ये तिचा अहवाल आला.

१३/ त्या अहवालाने दोष रक्ताला दिला नाही. दारिद्र्य, अस्वच्छता, निकृष्ट अन्न आणि दुर्लक्षित बालपण यांच्याकडे बोट दाखवले. १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, १९०७ मध्ये शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा. आणि १९०८ मध्ये, त्याच साम्राज्याच्या हिंदी सैन्यासाठी, मराठे व दख्खनी मुसलमान यांच्या भरतीची हस्तपुस्तिका निघाली. तिचा पाया होता जात, कूळ व प्रदेश.

१४/ येथे थांबून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्यात. माप तेच. मँचेस्टरचा मुलगा त्यात कमी पडला तेव्हा प्रश्न विचारला गेला : याला खायला काय मिळाले? दख्खनचा मुलगा कमी पडला तेव्हा प्रश्न होता : याची जात कोणती? पहिल्या प्रश्नातून शाळेतील जेवण निघाले, दुसऱ्यातून भरतीबंदी. साम्राज्य गेले, आपल्या मैदानांवर अजूनही पहिला प्रश्न कोणी विचारत नाही, ही या धाग्याची मुख्य तक्रार आहे.

१५/ उंचीचे काय, याचे उत्तरही इंग्रजांनाच लवकर मिळाले. १९१४ मध्ये बर्कनहेड येथे ‘बँटम’ पलटणी उभ्या राहिल्या : पाच फूट ते पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसांच्या. पहिल्या तुकड्यांत खाणकामगार व गोदीकामगार होते. बुटके, पण दणकट. पुढे मात्र कुपोषणाने खुरटलेली, अशक्त मुलेही तेवढ्याच उंचीवर भरली गेली, आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात त्यांतील अनेकांना लढाईच्या कामावरून काढावे लागले. उंची दोघांची सारखी होती. फरक होता शरीराच्या घडणीत, आणि उंचीची पट्टी तो फरक ओळखू शकली नाही.

१६/ शास्त्रीय पुरावा १९४२ मध्ये आला. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलले. तत्त्व आर्किमिडीजचे : चरबी पाण्याहून हलकी, स्नायू व हाडे जड, म्हणून पाण्यातील वजनावरून शरीराची घनता काढता येते. लष्करी वजन-तक्त्यानुसार या २५ पैकी १७ जण ‘अतिवजनी’ म्हणून सेवेस अपात्र ठरत होते. घनतेचा हिशेब वेगळेच सांगत होता : यांतील बहुतेकांच्या अंगावर चरबी फार थोडी होती, वजन स्नायूंचे होते. तक्ता देशातील सर्वांत ताकदवान माणसांना घरी पाठवायला निघाला होता.

१७/ याचा अर्थ शरीराच्या आकाराला काहीच महत्त्व नाही असा नव्हे, आणि विरुद्ध पक्षाचा हा मुद्दा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. सैनिक केवळ धावत नाही, तो ओझे घेऊन धावतो. २० किलोचा भार ५० किलोच्या जवानाला स्वतःच्या वजनाच्या ४० टक्के पडतो, ७० किलोच्या जवानाला २९ टक्क्यांहूनही कमी. मोकळ्या धावण्यात हलके शरीर जिंकते. लांब पल्ल्याच्या भारवाही चालीत स्नायूंचे वजन जास्त असलेले शरीर तग धरते. चरबी मात्र दोन्हीकडे निव्वळ बोजा ठरते.

१८/ म्हणून मोजायचेच असेल तर मोजावे स्नायूंचे बळ, दम आणि चरबीचे प्रमाण. भारतीय सैन्य आत घेतलेल्या जवानाबाबत हे पुरते जाणते. तेथील ‘बीपीईटी’ चाचणीत युद्धसाहित्यासह पाच किलोमीटर धाव आहे, दोर चढणे आहे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आहे. या चाचणीत उंचीला गुण नाहीत. जी गोष्ट जवान झाल्यावर कोणी विचारत नाही, ती जवान होण्यापूर्वी सर्वांत आधी का विचारली जाते?

१९/ आणि उंचीची अट अपरिहार्य असती तर ती सर्वांना एकच असती. लष्करात महाराष्ट्रातील सर्वसाधारण उमेदवाराला १६८ सेंटीमीटर लागतात, गोरखा उमेदवाराला १५७ पुरतात. गोरख्याच्या लढण्याविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करत नाही, करूही नये. म्हणजे १५७ सेंटीमीटरचा माणूस उत्तम सैनिक होऊ शकतो हे लष्कराने स्वतःच मान्य केले आहे. मग १६६ सेंटीमीटरचा मारेगावचा मुलगा नेमका कोणत्या शारीरिक कारणाने होऊ शकत नाही?

२०/ केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत तर हा विरोधाभास एकाच गावात दिसतो. पुरुषांसाठी सर्वसाधारण अट १७० सेंटीमीटर. गढवाली, कुमाऊंनी, डोगरा यांच्या जोडीने ‘मराठा’ उमेदवाराला १६५. अनुसूचित जमातीला १६२.५. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला उंचीत सवलत नाही, त्याला १७०. एका अंगणवाडीत वाढलेल्या, एकाच शाळेत खिचडी खाल्लेल्या तीन मुलांसाठी तीन वेगळी दारे.

२१/ ही यादी वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचे काही जाणवल्याशिवाय राहत नाही. गढवाली, डोगरा, मराठा हे वसाहतकालीन हस्तपुस्तिकांतले भरतीचे वर्गच आहेत. कोणत्या समाजाला सवलत मिळते याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. सवलती काढून घ्या असेही येथे म्हणायचे नाही. मुद्दा इतकाच की ज्या यादीने एकेकाळी महार समाजाला दाराबाहेर ठेवले, तिची सावली आजच्या तक्त्यावर पडलेली आहे आणि तिला ‘शारीरिक मानक’ असे तटस्थ नाव मिळाले आहे.

२२/ वजन-उंचीचे सूत्र तरी मराठी शरीराला लागू पडते का? त्याचे उत्तर पुण्यातून आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी के.ई.एम. रुग्णालयातून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पुण्याची बाळे सर्वच बाबतींत सारख्या प्रमाणात लहान नव्हती. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव फार कमी पडले होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. गर्भात पोषण अपुरे पडले की शरीर आधी स्नायूंवर पाणी सोडते.

२३/ २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून जगभर ओळखला जातो. म्हणजे जो आकडा युरोपीय सैनिकाबद्दल काही एक सांगतो, तोच मराठी सैनिकाबद्दल दिशाभूल करू शकतो. तक्त्यात ‘योग्य वजन’ असलेला जवान आतून स्थूल असू शकतो, आणि ‘कमी वजन’ असलेला काटक असू शकतो.

२४/ शरीराची घडण बदलली की क्षमता कशी बदलते, याचे मराठी उदाहरण समोरच आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले ते ५ महार पलटणीत. सियाचीनला राहिले, राजस्थानच्या वाळवंटात राहिले. धावपटू म्हणून उभे राहताना मध्यंतरी त्यांचे वजन फार वाढले होते. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली तीन महिन्यांत त्यांनी सुमारे २० किलो वजन उतरवले, असे त्यांच्याविषयीच्या वृत्तांतांत नोंदले आहे.

२५/ पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्णापासून केवळ ०.०५ सेकंद दूर. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्या तीन महिन्यांत साबळे यांची उंची एका मिलिमीटरनेही बदलली नव्हती. भरतीच्या फितीला हा सगळा प्रवास दिसलाच नसता. आणि हे घडले त्या रेजिमेंटमध्ये, जिच्या माणसांना १८९२ च्या कचेरीने लढण्यास अयोग्य ठरवले होते.

२६/ यावर एक गंभीर आक्षेप आहे. फीत निदान निःपक्षपाती असते, हजारोंच्या रांगेत वशिल्याला वाव ठेवत नाही, असे म्हटले जाते. खरे आहे. पण घड्याळही निःपक्षपाती असते. १६०० मीटरची वेळ, बीमवरचे पुलअप, खांद्यावर भार घेऊन केलेली धाव, हे सारे तितक्याच निर्विकारपणे मोजता येते आणि ते थेट कामाशी निगडित आहे. अमेरिकी सैन्याने २०२३ मध्ये याच दिशेने पाऊल टाकले : ६०० गुणांच्या शारीरिक चाचणीत प्रत्येक प्रकारात किमान ८० आणि एकूण ५४० गुण मिळवणाऱ्या सैनिकाची चरबी मोजायचीच नाही, असे ठरवले. काम करून दाखवणाऱ्याला फीत लावू नये, एवढे साधे तत्त्व.

२७/ आता पुन्हा मारेगाव. कापूस, तूर आणि सोयाबीनचा हा तालुका. कोलाम समाजाचे पोड येथे आहेत, आणि कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. हे खुजेपण प्रामुख्याने गर्भारपणात आणि पहिल्या दोन वर्षांत ठरते. म्हणजे अठराव्या वर्षी मैदानावर जो निकाल लागतो, तो बऱ्याच अंशी मूल चालायला शिकत होते तेव्हाच लागलेला असतो.

२८/ त्या दोन वर्षांत आईच्या ताटात काय होते, अंगणवाडीत अंडे पोहोचले की नाही, याची जबाबदारी त्या मुलाची नव्हती. ती राज्यसंस्थेची होती. आणि तीच राज्यसंस्था अठरा वर्षांनी हातात फीत घेऊन येते, आपल्याच कसुरीची लांबी मोजते आणि नापासाचा शिक्का मुलाच्या कागदावर मारते. कर्जदाराने सावकाराच्या दारात जाऊन वसुली करावी, तसे हे आहे.

२९/ म्हणून मागण्या तीन.
एक : क्षमतेची चाचणी आधी, माप नंतर, आणि चाचणीत वरच्या गटात आलेल्या उमेदवाराला केवळ उंचीच्या कारणाने बाद करू नये.
दोन : वजन-उंचीच्या तक्त्याऐवजी कंबरेचा घेर व चरबीचे प्रमाण भारतीय शरीराच्या अभ्यासावरून ठरवावे. पुण्याचा पुरावा वीस वर्षांपासून उपलब्ध आहे.
तीन : उंचीत किंवा छातीत बाद झालेल्यांची तालुकावार संख्या दरवर्षी प्रसिद्ध करावी आणि ती महिला व बालविकास खात्याकडे पाठवावी.

३०/ तिसरी मागणी काहींना विचित्र वाटेल. पण तिला इतिहासाचा आधार आहे. मँचेस्टरच्या नापास छात्यांनी १९०६ चा कायदा घडवला. दुसऱ्या महायुद्धात कुपोषणामुळे बाद झालेल्या तरुणांचा दाखला देतच अमेरिकेने १९४६ मध्ये शालेय भोजनाचा कायदा केला. दोन्ही देशांत भरतीच्या नोंदवह्या आहारधोरणाचा पुरावा ठरल्या. आपल्याकडे त्या नोंदवह्या कपाटात जातात आणि मुलगा एसटीने गावी परततो.

३१/ ‘दर्जा खालावेल’ असे म्हणणाऱ्यांना शेवटचे उत्तर. दर्जा कशाचा, हे आधी ठरवावे. धावण्याची वेळ, ओझे वाहण्याची ताकद, दम आणि शिस्त यांचा दर्जा हवा तितका वाढवावा. मारेगावची मुले त्याची तक्रार करणार नाहीत, त्यांची पहाट त्यासाठीच जाते. पण जो आकडा मेहनतीने बदलत नाही, लढण्याबद्दल फारसे सांगत नाही आणि ज्याची अट लष्कर स्वतःच प्रदेशागणिक बदलते, त्याला दर्जा म्हणता येणार नाही.

(धागा समाप्त. पुढील धागा : बर्कनहेडच्या बँटम पलटणी.)